तात्या, ती बोटं तुमची नव्हती

तात्या, करंदीकरकाकांनी मला तुमच्या बोटांवर लिहायला सांगितलंय. जुन्या गाड्यांवाल्यांचा जो ग्रुप रविवारी तुमच्या गॅरेजसमोर जमायचा, तो तुमच्या आठवणींची एक पुस्तिका काढतोय. ‘शिक्षण इंग्रजीत झालं असलं तरी तुम्ही मराठी बरं लिहिता, असं ऐकून आहे,’ काका म्हणाले. ‘एक पान पुरे. तात्यांची बोटं, त्यांचं टॅपेट सेटिंग, असं काहीतरी. शुद्धलेखन आम्ही बघून घेऊ.’

मी हो म्हणाले. नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं मला सोपं जातं, हे तुम्हाला माहीत आहे. घरी येऊन लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की या विषयावर खोटं लिहायला मला जमणार नाही, आणि खरं लिहिलं तर ते तुम्हाला आवडणार नाही. तुम्हाला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तरी लिहिते. आधी तुम्हाला सांगते, मग त्यांना देईन.

गेली चार वर्षं तुमच्या गॅरेजमधल्या एकाही बुलेटचे टॅपेट तुम्ही सेट केलेले नाहीत, तात्या. ते मी केले.

मी पहिल्यांदा आले ती बाबांची बुलेट ढकलत. अकरा वर्षं ती आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मग एक दिवस फलकावर सूचना लागली : ‘पार्किंग वाहनांसाठी आहे. वाहन म्हणजे जे चालते ते.’ बाबा बदलीच्या गावी होते. टेम्पोवाल्याशी फोनवर बोलण्यापेक्षा ती गाडी कात्रजच्या गावठाणापर्यंत ढकलत नेणं मला सोपं वाटलं. चाकांत हवा नव्हती. मला ढकलताना तुम्ही ओट्यावर बसून लांबून बघत होता आणि उठला नाहीत. मी पोचल्यावर विचारलंत, “इकायची का चालवायची?” मी म्हटलं, माहीत नाही. “मग ठिवून जा. कळंल तवर.”

ती गाडी बघायला म्हणून मी सकाळची येऊ लागले. माझं ऑफिस खराडीला, पण शिफ्ट दुपारची. तुम्ही मला शिक्षण विचारलं नाहीत, लग्नाचं विचारलं नाहीत, ‘मुलीची जात आणि गॅरेजमध्ये काय करतेस’ असंही विचारलं नाहीत. काहीच विचारलं नाहीत, हे मला इतकं आवडलं की मी येत राहिले. एकदाच म्हणालात, “तू बोलत न्हाईस ते बरं हाय. इंजिनाचं ऐकू येतं.”

टॅपेटला हात लावायचा तो गार इंजिनावरच, हा तुमचा नियम. गाडी आदल्या संध्याकाळी आणून सोडायची आणि सकाळी साडेसहाला काम सुरू. ‘आलोच आहे तर जाता जाता बघून टाका’ म्हणणाऱ्याला तुम्ही चहा पाजून परत पाठवायचा. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, मग बोटाला जे लागतं ते खरं नसतं. हे तुम्ही विहिरीवरच्या डिझेल इंजिनावर शिकलात, कात्रजला अजून शेतं होती तेव्हा.

सिलिंडरच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूला, एका नटावर बसलेलं झाकण असतं. ते काढलं की आत दोन उभे दांडे दिसतात, त्यांच्या बुडाशी टॅपेट. एक पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह उघडतो, दुसरा धूर बाहेर सोडणारा. पिस्टन वर आणायचा, दांडा दोन बोटांच्या चिमटीत धरायचा आणि फिरवून बघायचा. तो फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढंच. हे एवढंच म्हणजे किती, ते फक्त बोटांना कळतं. करंदीकरकाका म्हणतात त्यात चूक नाही, सगळं बोटांतच असतं.

सुरुवातीला तुम्ही मला मागचं चाक हळूहळू फिरवायला लावायचा, पिस्टन वर येईपर्यंत. मग एक दिवस म्हणालात, “जरा बघ, फिरतंय का.” मी बघितलं. फिरत होतं. “वरखाली?” नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. मला वाटलं, तुम्ही मला शिकवताय, आणि शाळेतल्यासारखं माझं उत्तर तपासून बघताय. रोज बरोबर उत्तर दिल्याचा मला आनंद व्हायचा.

मग एका सकाळी काकी चहा घेऊन आल्या. तुमच्याकडे स्टीलचे पेले. उकळता चहा, मी पेला ओढणीच्या टोकात धरून फुंकत बसले होते. तुम्ही मात्र उघड्या हाताची चारही बोटं पेल्याभोवती लपेटून कोणाच्या तरी क्लचबद्दल बोलत होता. बोलता बोलता बोटं लाल झाली. तुम्ही पेला खाली ठेवला नाहीत. तुम्हाला काही लागतच नव्हतं.

म्हणजे ‘फिरतंय का’ हा धडा नव्हता. तुम्ही खरंच विचारत होता. शुगरनं तुमच्या बोटांची टोकं बधिर केली होती.

मी बघितलंय हे तुम्ही बघितलंत. दुसऱ्या दिवशी झाकण काढल्यावर तुम्ही नट फिरवायचे दोन पातळ पाने माझ्या हातात दिलेत आणि शेजारच्या गाडीची साखळी बघायला गेलात. आपल्यात करार झाला तो असा, एकही शब्द न बोलता.

त्यानंतर रोजचं ठरून गेलं. सातपर्यंत टॅपेट व्हायचे. नऊला गिऱ्हाइकं यायची तेव्हा मी हात धुऊन काकींच्या स्वयंपाकघरात असायचे. झाकणाचा नट तेवढा तुम्ही त्यांच्यासमोर आवळायचा. गाडी सुरू व्हायची आणि कोणीतरी म्हणायचं, तात्यांचा हात तो तात्यांचा हात. आत बसून मी ते ऐकायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शाळेत फळ्यासमोर उभं केलं की मी येत असलेलं उत्तरही विसरायचे. इथे माझ्या कामाचं कौतुक होत होतं आणि माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. मला याहून जास्त काही नको होतं. ‘सांगू नका हं’ असं मीच तुम्हाला दोनदा म्हटलं होतं, हेही इथे लिहून ठेवते. सगळा दोष तुमच्यावर टाकायचा नाही.

आणि तुम्ही मला जे दिलंत ते परत करायचा माझा विचार नाही. माप पक्कं करणारा चेकनट आवळला की माप केसभर सरकतं, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा बघायचं, हे तुमचं. ऑफिसात मी दोनदा तपासलेलं काम तिसऱ्यांदा तपासते तेव्हा टीममधले हसतात. हसू देत. बाबांची गाडी सातव्या महिन्यात सुरू झाली. त्या दिवशी तुम्ही मला शाबासकी दिली नाहीत. फक्त ओट्यावर सरकून बसायला जागा केलीत. एवढा मोठा मान मला अजून कुठल्याच खोलीत मिळालेला नाही.

टॅपेटचा थोडा आवाज आला पाहिजे, हेही तुमचंच. टिकटिक वाजणारा टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटतोय. आवाज बंद करायला म्हणून जास्त आवळला तर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, आतला जाळ त्याच्या कडेनं निसटतो आणि कड जळते. “वाजतंय तवर जळत न्हाई,” तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. मग हे तुम्हीच कसं विसरलात?

विसरला नव्हतात. मला माहीत आहे काय झालं ते.

त्या रविवारी करंदीकरकाका सगळ्यांसमोर म्हणाले, “तात्या, आमची गाडी आळीत शिरली की लोकांना वाटतं टायपिंगचा क्लास भरला. हात थकला का हो तुमचा?” सगळे हसले. काकांना तसं काही म्हणायचं नव्हतं. त्यांना चहा मागतानाही टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही. पण तुम्ही हसला नाहीत. स्वयंपाकघराच्या दारातून मला तुमचा चेहरा दिसत होता. त्यांना कळलं की काय, एवढीच भीती त्यावर होती.

दुसऱ्या दिवशी काकांची गाडी होती. ते साताऱ्याला निघणार होते. मी धुराच्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवून बघितला, ठीक होता. तुम्ही म्हणालात, “आजून घे वर. टिकटिक नगं.”

“मग फिरणार नाही.”

“फिरंल. घे.”

मी घेतलं. “तात्या, अडतंय.”

“घे म्हनलं की घ्यायचं.”

मी चेकनट आवळला. अडतंय हे माझ्या बोटांना कळत होतं आणि तरी मी आवळला. तेवढी चूक माझी. बाकीची तुमची.

खंबाटकीच्या चढावर गाडीची ताकद गेली. ती टेम्पोतून परत आली. तुम्ही इंजिनाचं हेड उघडलंत. व्हॉल्व्हच्या कडेला नखाएवढा तुकडा जळून गेला होता. काकांनी तो तळहातावर घेऊन बराच वेळ बघितला आणि विचारलं, “हे काय हो तात्या?” मी तुमच्या शेजारीच उभी होते, हातात फडकं. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “त्या दिशी पोरीनं हात लावला व्हता.”

चार वर्षांत गिऱ्हाइकासमोर तुम्ही माझ्या कामाचं नाव काढलंत ते एवढ्या एकदाच.

काका म्हणाले, “अच्छा.” मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, “शिकायचं तर स्वतःच्या गाडीवर शिकावं, नाही का? असो.” मी फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं आणि घरी गेले. रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं. राग इतका टिकला नसता.

एकोणीस दिवस मी आले नाही. विसाव्या दिवशी वॉचमननं इंटरकॉमवर सांगितलं, खाली एक आजोबा आलेत, वर यायला तयार नाहीत, म्हणतात गाडी उभी आहे कालपासून. मी खाली आले. तुम्ही गेटबाहेर, भिंतीच्या सावलीत उभे होता. पायाला जखम होती तरी चालत आला होता.

“किती दिस गार ठिवायचं इंजिन?” तुम्ही विचारलंत. ‘चुकलं’ हा शब्द त्यात कुठेच नव्हता. मी तो शोधला.

मी म्हटलं, “करंदीकरकाकांना खरं सांगा.”

“सांगतो,” तुम्ही म्हणालात.

मी परत आले. चौदा महिने ते ‘सांगतो’ तिथेच राहिलं. प्रत्येक रविवारी मला वाटायचं, आज. मी पुन्हा आठवण करून दिली नाही, आणि तुम्हीही विषय काढला नाहीत. शेवटी हॉस्पिटलमध्ये मी तुमच्या कॉटच्या पायाशी बसले होते आणि काका भेटायला आले. तुम्ही आधी माझ्याकडे बघितलंत. मग त्यांच्याकडे. तुम्ही त्यांना विचारलंत, “टाकीला आतनं गंज धरलाय का, बघितलं का?” काका म्हणाले, बघतो. मग तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

त्या गंजावरून मी तुमच्याशी अजून भांडते, तात्या. बसमध्ये, लिफ्टमध्ये. तुम्ही उत्तर देत नाही, मग मीच तुमच्या बाजूनं बोलते. सगळा जन्म एका गोष्टीसाठी लोकांनी तुम्हाला ओळखलं आणि नेमकी तीच गेली. मग माणूस काय करणार? मला ते समजतं. समजतं म्हणून माफ करायलाच हवं, असं मला कोणी सांगू नये.

गावठाणातल्या देवळाच्या मंडपात तुमची शोकसभा झाली. काकांनी भाषण केलं. पाच वर्षांपूर्वी ते त्यांची बुलेट घेऊन कन्याकुमारीला जाऊन आले, तेव्हा वाटेत एकदाही झाकण उघडावं लागलं नाही, असं त्यांनी सांगितलं. “असे टॅपेट आता होणे नाही,” ते म्हणाले. मी मागे खांबाशी बसून मनात हिशेब केला. पाच वर्षांपूर्वी म्हणजे मी यायच्या आधी. ते काम तुमचं, तेवढं मी मान्य केलं. मग ते म्हणाले की शेवटी शेवटी एका शिकाऊ हातानं घोळ घातला, पण तात्यांनी तोही निस्तरला. दोनचार माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघितलं.

पुस्तिकेचं काम अंगावर आल्यावर मी काकींकडे गेले. खरं लिहिणार आहे, म्हटलं. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “ह्यांनी जल्मभर कमावलं ते येवढं एक नाव. ते बी घेतीस का?”

मी म्हटलं, “माझं होतं तेवढंच घेते.” वाक्य मी पूर्ण केलं.

“नगं लिहू,” काकी म्हणाल्या, आणि जुडी सोडवायला लागल्या.

तरी मी लिहिलं. इथपर्यंतचं सगळं. आणि लपून द्यायचं नाही म्हणून काल सकाळी त्यांच्यासमोर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठ्यानं वाचायची मला सवय नाही. त्या जमिनीकडे बघत ऐकत होत्या. व्हॉल्व्हचं आलं तेव्हा त्यांनी एकदा मान हलवली. कन्याकुमारीचं आलं तेव्हा हात वर करून मला थांबवलं.

“ती गाडी माझ्या हातची,” काकी म्हणाल्या.

मला कळलं नाही.

“तू यायच्या आदी दोन वर्सं मीच फिरवून बघत व्हते. ह्यांची बोटं तवाच गेली व्हती. मला वाटलं तुला म्हाईत हाय.” मग अगदी सरळ आवाजात : “मग तू आलीस. माझी सुटका झाली का मला कामावरनं काढलं, ते आजून कळलं न्हाई मला.”

मी कागद खाली ठेवले. चार वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात लपले होते. त्यांच्या हातचा चहा पीत, बाहेर माझ्या कामाचं श्रेय तुम्हाला मिळताना ऐकत होते. त्या वेळी माझ्यासमोर पोळ्या लाटत कोण उभं आहे, हे मला दिसलं नाही. मी स्वतःला फार निरखून बघणारी समजते.

“लिहू का हे?” मी विचारलं.

“परवा नगं म्हनले व्हते.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “आता तू येवढं लिवलंसच हाय, तर माझं बी लिही. आन् नाव घालून लिही, नुसतं काकी नगं.”

मी पेन उघडलं आणि तशीच बसले. मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत म्हणून चौदा महिने धुमसत होते मी, आणि यांचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुद्दाम मदत केली नाही. मला विचारावंच लागलं.

हौसा. मी लिहून घेतलं. पाच वर्षांपूर्वी कन्याकुमारीला गेलेल्या गाडीचे टॅपेट हौसाबाईंनी सेट केले होते. मी आल्यापासूनचे मी, सानिकानं. तुम्ही आम्हा दोघींना शिकवलंत, तात्या, आणि दोघींना लपवलंत. दोन्ही गोष्टी पुस्तिकेत एकाच पानावर येतील. त्यातली एक गाळून दुसरी मी छापू देणार नाही.

आज सकाळी मी करंदीकरकाकांना फोन केला. स्वतःहून, समोरून फोन यायची वाट न बघता. सांगितलं की लेख तयार आहे, एका पानात मावत नाही, आणि त्यात जळलेल्या व्हॉल्व्हचं सगळं खरं खरं आहे. मग दोन्ही नावं सांगितली. त्यांनी लेखाबद्दल एक शब्दही न काढता विचारलं, त्यांच्या गाडीचे टॅपेट करायचे झालेत, ते आता कोण करणार? मी म्हटलं, आम्ही दोघी. शनिवारी संध्याकाळी आणून सोडा. साडेसहाला काम सुरू होईल. बसून बघायचं तर खुर्ची ठेवते.

“अस्सं,” काका म्हणाले. “आणि बिघडली, तर दोघींपैकी कुणी बिघडवली, हे आम्हाला कळायचं कसं?”

“विचारा,” मी म्हटलं. “जिनं केलं असेल ती सांगेल.”